जाडू फौजदाराचं भूत

लामदुआनमावशी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून बोलली. हेंगशेठची औषधाची गाडी थायलंडच्या रोईएत प्रांतात गावागावांतून फिरायची. पडदा बांधायचा, हाँगकाँगचा चित्रपट लावायचा, त्याचा मूळ आवाज बंद. माईकवर मावशी आणि तिचा सहकारी बुनलिएंग सगळ्यांची बोलणी आपल्या बोलीत बोलणार. बायका, पोरं, म्हाताऱ्या तिच्या. पुरुष, गुंड आणि कुत्री त्याची. ऐन मारामारीत शेठ चित्रपट थांबवून बाटल्या विकणार.

‘दोन फौजदार’ने तर बाटल्यांचा पाऊस पाडला. लंबू फौजदार गोळ्या झाडायचा आणि जाडू फौजदार चिकट भात खातखात त्याला वाचवायचा. चिकट भात ही बुनलिएंगची करामत. मुळात जाडू काय खात होता देव जाणे! बोलण्याआधी बुनलिएंग घसा खाकरायचा, त्याची नक्कल पोरंसोरंही करायची.

त्या खाकरण्याचा पुढे खोकला झाला. मावशी दवाखान्यात नेऊ म्हणाली, तर शेठ म्हणाला, “आपलं औषध असताना दवाखाना? लोक काय म्हणतील?” बाटल्या पीतपीतच बुनलिएंग गेला. शेठने अंत्यविधीला फुलांचं चक्र पाठवलं. त्यावर औषधाचं नाव होतं.

पुढच्या थंडीत दुसरा भाग आला. शेठने तो आधी गोदामात लावून दाखवला. भिकार! जाडू सुरुवातीलाच मरतो, त्याच्या जागी कुणी गुळगुळीत पोरगा येतो. तोच पाठलाग, त्याच कोंबड्या उडतात. मित्राला पुरून आलेला लंबू रडतसुद्धा नाही, केस विंचरतो.

“बरं झालं,” शेठ म्हणाला, “जाडू मेला, एक आवाज वाचला. एकटी निभावशील ना, मावशी?”

“निभावते की, शेठ.”

विहाराच्या जत्रेत लोक चटया टाकून बसले. खेळ सुरू होण्याआधीच शेठने बऱ्याच बाटल्या खपवल्या. पडद्यावर जाडू पडला, बायका हळहळल्या. लंबू शेवया ओढू लागला, आणि माईकवरून खाकरणं आलं. हुबेहूब बुनलिएंगचं.

“काय रे लंबू, मला पुरलंस आणि लगेच शेवया? माझा भात कुठाय?”

मैदानात नुसता हशा. कुणी ओरडलं, “जाडूदादा, कसं काय तिकडे?”

“झकास. इथे खोकला नाही.”

हशा विरला. बुनलिएंगला सगळे ओळखत होते.

“गोळीने नाही मेलो मी,” जाडू म्हणाला. पडद्यावर तो गुळगुळीत पोरगा मोटार उडवत होता, पण त्याच्याकडे बघतंय कोण! “शेठने दवाखान्यात जाऊ दिलं नाही. स्वतःच्या बाटल्या पाजल्या. येईलच आता विकायला. लाल झाकणाची.”

शेठ खोकं घेऊन खरंच उभा होता. “मावशी, बंद कर! पोटावर पाय येईल तुझ्या!”

“मी कुठे बोलतेय, शेठ? मेलेला बोलतोय.”

त्याने धावत जाऊन जनरेटर बंद केला. पडदा गेला, दिवे गेले, माईक गेला. आणि अंधारात, पार शेवटच्या चटईपर्यंत पोचेल असं, पुन्हा खाकरणं आलं.

“लाल झाकणाची,” जाडू म्हणाला. “तीच ती.”

पहिली बाटली शेठच्या पायाशी फुटली. मावशीने आपली चटई गुंडाळून काखेत मारली. पण शेवटची बाटली फुटेपर्यंत ती जागची हलली नाही.