शत्रुपक्षाचा पुरावा

तुमचे पॉपा मला पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत. ही गोष्ट मी त्यांच्यापासून कधी लपवली नाही आणि त्यांनीही माझ्यापासून लपवली नाही. तुमच्या आईचे वडील म्हणून दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जावं लागे. हॅमिल्टनच्या कडाक्याच्या थंडीतही पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून ते दार उघडत आणि माझ्याकडे बघून म्हणत, "अजून इथेच?" तुमचे आजोबा गेल्यावर मी पुण्याहून न्यूझीलंडला तुमच्या बाबांकडे कायमची राहायला आले होते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. एकदा मी म्हटलं, "तुमचे पणजोबा बंदूक घेऊन आले आणि परत गेले नाहीत. मी निदान व्हिसा घेऊन आले आहे." त्या रविवारी मला पुडिंग मिळालं नाही.

हे पणजोबा म्हणजे शिपाई मायकल. आयरिश माणूस, ब्रिटिश फौजेबरोबर इथल्या वायकाटो भागातल्या लढाईला आलेला. दुधाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून पॉपा त्याच्या मागावर होते. गाडी बाहेर पावसात भिजायची आणि गॅरेजमध्ये मायकलचे कागद कोरडे राहायचे. मायकल नेमका कुठे जन्मला, एवढंच त्यांना मरण्याआधी शोधायचं होतं. "सरकारांना माणसं सांभाळता येत नाहीत," असं ते म्हणत. आयर्लंडची जुनी जनगणना बरीचशी जळून गेली, न्यूझीलंडने तर माणसं मोजून झाल्यावर कागदच नष्ट केले. उरली फौज. मायकलचा पगार, त्याचा ताप, दारू पिऊन झालेली शिक्षा, सगळं फौजेने लिहून ठेवलं होतं.

पॉपांचा एक नियम होता. एकाने सांगितलं तर त्या गप्पा. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी सांगितलं तर तो पुरावा. तुमच्या लहानपणी बिस्किटं कुणी संपवली हेही ते याच नियमाने ठरवत, आणि तुम्ही भावंडं असल्यामुळे तुमची साक्ष धरत नसत. मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, मुलांचे निबंध तपासले, त्यामुळे हा नियम मला पसंत होता. नियम सांगणारा माणूस पसंत नव्हता. त्यांचं "स्वीट अ‍ॅज", म्हणजे इथल्या बोलीत "मस्त", ऐकलं की मी विचारायचे, कशासारखं गोड? वाक्य पुरं करा. ते म्हणत, "मॅडम, इतकं शुद्ध इंग्रजी या गावात कुणाला परवडत नाही."

त्यांच्या वंशवृक्षाच्या प्रोग्रॅममध्ये दोन नावं टाकली की त्यांचं नातं कळायचं. एकदा मला मुद्दाम गॅरेजमध्ये बोलावून त्यांनी आमची दोघांची नावं टाकली. पडद्यावर आलं, नातं नाही. पॉपा इतके खूश झाले की त्यांनी स्वतः मला चहा करून दिला. मी म्हटलं, तुमच्या भाषेत नसेल, आमच्या भाषेत आहे. नवराबायकोचे वडील एकमेकांचे व्याही, आणि बाई असली तर विहीण. त्यांनी तो शब्द दोनतीनदा तोंडात घोळवला.

"या व्याह्याला हक्क काय असतात?"

"मुख्य हक्क रुसण्याचा. मानपानात काही कमी पडलं की त्याने रुसायचं आणि बाकीच्यांनी समजूत काढायची."

"समजूत नको," ते म्हणाले. "रुसणं मला जमेल."

आणि जमलंच. लढाईनंतर मायकलला हॅमिल्टनजवळ जमीन मिळाली, हे ते अभिमानाने सांगत. कुणाची मिळाली, असं मी विचारलं की ते उठून लॉन कापायला जात. ती इथल्या मूळच्या माओरी लोकांकडून हिसकावलेली होती, हे त्यांच्याच कागदांत होतं. तुमच्यासमोर ते कुणी बोलत नसे, म्हणून मी आत्ता लिहिते आहे.

खरं भांडण झालं ते जेवायला हाक मारायला मी गॅरेजमध्ये गेले त्या दिवशी. मायकलला फौजेतून मोकळं केलं तेव्हाचा कागद पडद्यावर मोठा केलेला होता. जन्मगावापुढे कारकुनाने काहीतरी खरडलं होतं आणि काउंटीची जागा रिकामी होती. पॉपांच्या मते तो शब्द कँटर्क होता, आयर्लंडमधलं गाव, फक्त स्पेलिंग चुकलेलं. ते त्या गावाला जाऊन आले होते. गावाच्या पाटीला टेकून काढलेला त्यांचा फोटो तुम्ही बघितला आहे. दिवाणखान्यात घड्याळाच्या वर होता. मी चष्मा लावला आणि वाचलं. कॅम्प्टी. म्हणजे कामठी. नागपूरजवळची, इंग्रजांच्या छावणीची. माझी मावशी तिथे राहायची आणि पत्रावर हेच जुनं स्पेलिंग लिहायची, हेही मी सांगितलं.

पॉपा म्हणाले, "कोपऱ्यावरची सगळी दुकानं तुम्ही लोकांनी घेतलीत. आता माझा पणजोबाही घेताय?"

मी फोनवर नकाशा दाखवला. गाव असेल, ते म्हणाले, पण आयरिश कुटुंब तिथे काय करत होतं?

"इथे जे केलं तेच."

त्यांनी पडदा बंद केला. "एकच पुरावा आहे," ते म्हणाले. "तोही शत्रुपक्षाचा."

त्यानंतर वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत. दिवाळीला चकल्या पाठवल्या, तर डबा धुऊन, पुसून, रिकामा परत आला. "अजून इथेच?" हेसुद्धा बंद झालं, आणि मला चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं याचा मला रागच आला.

मग त्यांचं हृदय थकलं आणि त्यांना हॉस्पिटलात ठेवलं. तुमची आई म्हणाली, चला एकदा. मी गेले. वॉर्डात एक मराठी नर्स होती. माझी साडी बघून ती आपणहून बोलायला आली आणि हसत म्हणाली, "काकू, हे आजोबा तर मला रोज कामठीचंच विचारून राहिले." ती कामठीची होती. पॉपा सगळ्यांना विचारायचे तसं तिलाही त्यांनी खडूसपणे विचारलं होतं, तू मूळची कुठली? आणि तिने सांगितलं होतं. छावणीतल्या जुन्या दफनभूमीतली आयरिश नावं वाचत ती इंग्रजी अक्षरं शिकली होती.

मी खाटेजवळ गेले. पॉपांनी डोळे उघडले.

"या मुलीला तुम्ही आधी भेटला होतात?"

"नाही. आत्ताच बघते आहे."

"शपथ?"

"शपथ."

"म्हणजे पुरावा स्वतंत्र आहे," ते म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं संपलं. पण नर्स औषध द्यायला आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि तिला सांगितलं, "ही माझी व्याही."

मी म्हटलं, बाईला विहीण म्हणतात.

"नोंद झाली," ते म्हणाले. "आता बदलता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅपटॉप मागवून घेतला. त्याच आठवड्यात ते गेले. तुमच्या आईने नंतर छापून पाठवलेला वंशवृक्ष तुम्हा दोघांच्या भिंतींवर आहे, एक लंडनला, एक मेलबर्नला. मायकलच्या चौकटीत बघा. कँटर्क गेलं आहे आणि कामठी आली आहे, माझ्या मावशीच्या स्पेलिंगने. चौकटीखाली बारीक अक्षरांत त्यांनी आधार दिले आहेत. पहिला, वॉर्डातली नर्स. दुसरा, व्याही, शत्रुपक्ष.

वर्षभर आधी सांगितलं मी, आणि नंबर दुसरा. मी त्यांच्यावर अजून रुसलेली आहे. तो माझा हक्क आहे.