बंदराच्या पाण्याची चव

बंदरावर त्याला सगळे रेघमास्तर म्हणत. कागदोपत्री त्याचा हुद्दा इतका लांबलचक होता, की तो पुरता उच्चारेपर्यंत एखाद्याची बोट सुटून गेली असती.

काम मात्र साधं. प्रत्येक जहाजाच्या कुशीवर एक पांढरी रेघ ओढलेली असते. माल हवा तेवढा भरा, पण रेघ पाण्यावर दिसली पाहिजे, असा सरकारचा नियम. रेघ बुडाली की जहाजाला बंदर सोडायचा परवाना नाही. हा नियम सातासमुद्रापलीकडे कुणीतरी खुर्चीत बसून लिहिला होता, पण लिहिण्याआधी बरीच माणसं बुडाली होती. नियमांच्या पुस्तकाची पानं नेहमी ओलसर लागत. दमट हवेमुळे, असं हेडक्लार्क म्हणे.

घोळ होता तो पोटनियमाचा. हे बंदर नदीच्या मुखावर. ओहोटीला नदीचं गोडं पाणी धक्क्यापर्यंत येई, भरतीला समुद्र आत शिरे. गोड्या पाण्यात जहाज जरा जास्त खाली बसतं आणि समुद्रात गेल्यावर आपोआप वर येतं. म्हणून पाणी पुरतं गोडं असेल तर रेघ चार बोटं बुडालेली चाले, निमखारं असेल तर दोन, आणि खारं असेल तर एक बोटसुद्धा नाही. पाणी किती खारं हे मोजायची काचेची नळी मास्तरच्या आधीच्या माणसाने फोडून ठेवली होती. नवीची मागणी गेली आणि मागणीचा कागद कुठल्यातरी फायलीच्या तळाशी जाऊन बसला. तेव्हापासून बंदराचा खारेपणा मास्तरच्या जिभेवर चालला होता.

तो होडीतून वाकायचा, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचा, बाजूला थुंकायचा आणि म्हणायचा, "अडीच बोटं." बावीस वर्षांत कुणी उलट बोललं नव्हतं. लोकांना ती विद्या वाटे. खरं सांगायचं तर त्या मानातला निम्मा भाग किळसेचा होता. कोळशाची राख, तेलाचे तवंग, सडके कांदे आणि जहाजावरच्या कोंबड्यांची पिसं ज्यात तरंगतात ते पाणी दुसरं कोण तोंडात घेणार?

आणि मग त्याला सर्दी झाली. तशी साधीच, पण आठ दिवस मुक्काम ठोकून गेली आणि जाताना चव घेऊन गेली. हे त्याच्याआधी बायकोच्या लक्षात आलं. डॉक्टरांचं काळं, कडूजहर औषध तो चहासारखं घोट घोट घेत बसला होता. तिने विचारलं, कसं लागतंय? तो म्हणाला, ठीक आहे. तिने भांडं खाली ठेवलं.

हे साहेबांच्या कानावर गेलं असतं तर नोकरी गेली असती, आणि नोकरीबरोबर जकातीच्या गोदामामागची सरकारी खोलीही. त्या दोघांना दुसरं घर नव्हतं. तेव्हा तोड निघाली ती स्वयंपाकघरात. मास्तरने समुद्राचं आणि विहिरीचं पाणी वेगवेगळ्या मापाने मिसळून पाच पेले फळीवर मांडले आणि तीन दिवस बायकोची शिकवणी घेतली. एक बोट, दोन बोटं, तीन बोटं. चौथ्या दिवशी ती अर्ध्या बोटाचा फरक सांगायला लागली. तीस वर्षं मीठ हातानेच घालणारी बाई ती. तिला त्यात काय जड?

"तीस वर्षं तुमचं खारट बोलणं ऐकलं," ती म्हणाली, "आता खारट प्यायचंही मीच."

मग रोजचा शिरस्ता पडला. मास्तर होडीत चूळ भरून थुंकायचा, बाटली भरून घ्यायचा, वही घरी राहिली म्हणून खोलीवर जायचा. बायको चाखायची, आकडा सांगायची. दोन महिन्यांत अकरा जहाजं त्या खोलीतून सुटली आणि नीट पोचली.

बारावं जहाज धान्याचं होतं. त्याच्या एजंटला ओहोटी संपायच्या आत सुटायची घाई. रेघ चार बोटं बुडालेली. एजंटचं म्हणणं, नदीला वर पूर आहे, पाणी पुरतं गोडं आहे, म्हणजे सगळं नियमात. त्याने थेट बंदराच्या साहेबांनाच होडीत आणून बसवलं. आता वही घरी राहिली म्हणायची सोय उरली नाही.

मास्तरने पाणी तोंडात घेतलं. ते ओलं होतं, एवढंच त्याला कळलं. एखाद्या बंद दारावर हात फिरवावा तशी त्याची जीभ आत फिरली. पाण्याचा रंग पाहिला तर गढूळ, मातकट, अगदी नदीचा. एजंट हसत बघत होता, साहेब घड्याळ बघत होते. चार बोटं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. खोली राहिली असती, चूल राहिली असती. त्याने मान वर केली, जहाजाकडे पाहिलं आणि थुंकला.

"साहेब, मला चव कळत नाही. दोन महिने झाले."

होडीवाल्याची वल्ही थांबली. साहेबांनी अकरा जहाजं मनातल्या मनात मोजली असावीत, कारण त्यांचा चेहरा उतरत गेला. मग मास्तरने बाटलीचं आणि घरच्या परीक्षेचं सगळं सांगून टाकलं. एजंटला हसू आवरेना. सरकारचा नियम ह्यांच्या चुलीपाशी शिजतो तर, असं तो म्हणाला. साहेब हसले नाहीत. त्यांनी होडी धक्क्याला लावायला सांगितली आणि बाईंना बोलावून आणायला शिपाई धाडला.

ती ओले हात पदराला पुसत आली. नवऱ्याचं तोंड बघूनच तिला काय ते कळलं. साहेबांनी खुर्ची मागवली, ती बसली नाही. बादली सोडून धक्क्याखालचं पाणी काढून दिलं, ते तिने चाखलं आणि कुणाच्या बुटावर पडणार नाही अशा बेताने थुंकली.

"अर्धं बोट," ती म्हणाली. "तेही ओढूनताणून."

एजंट उसळला. रंग तरी बघा म्हणाला. हे नदीचं पाणी नाही तर काय?

"रंगावर काय जाता? पूर कसला, नदी आटलीय. परवापासून वरच्या अंगाला गाळ उपसायचं यंत्र लागलंय, त्याचा हा गढूळपणा. धुणं वाळत घालताना दिसतं मला. आणि माझ्यावर भरवसा नसेल, तर बादली इथेच आहे. घ्या की घोट."

एजंटने बादलीत पाहिलं. एक पीस संथपणे गोल फिरत होतं. साहेब त्याच्याकडे बघत होते, त्यामुळे इलाज नव्हता. त्याने घोट घेतला, गालात धरला आणि 'गोडं' म्हणायला तोंड उघडलं. पण डोळ्यांत पाणी आलं आणि शब्द खोकल्यात गेला. यावर साहेबांनी जे केलं ते त्या बंदरात कोणत्याही साहेबाने केलं नव्हतं. त्यांनी स्वतः चूळ भरली. नंतर धक्क्याच्या कडेला जाऊन तीनदा थुंकून आले आणि माल उतरवायचा हुकूम दिला.

मग मास्तरला आत बोलावलं. नियमाप्रमाणे त्याला त्याच दिवशी घरी बसवायला हवं होतं आणि साहेबांनी पुस्तक उघडून ते पान त्याला दाखवलंही. पण आधी त्यांना एक गोष्ट समजून घ्यायची होती. चार बोटं म्हणून सुटता आलं असतं, मग बोललास कशाला?

मास्तरने थोडा विचार केला. "म्हणणारच होतो, साहेब. पण वर डेकवर एकजण सदरा वाळत घालत होता. पुढं घालायचा असतो, म्हणूनच वाळत घालतो ना माणूस."

साहेबांनी पुस्तक मिटलं. शेवटी ठरलं ते असं. दोन महिन्यांची लपवाछपवी मास्तरच्या नोंदीत काळ्या शाईने राहील. रेघ तोच बघेल. पाणी यापुढे साहेब स्वतः चाखतील. हे शेवटचं वाक्य लिहिताना साहेबांची लेखणी जरा अडखळली, असं हेडक्लार्क नंतर कुणाकुणाला सांगत होता.

बायको बाहेर, दोर बांधायच्या लोखंडी खुंटाला टेकून उभी होती.

"खोली?" तिने विचारलं.

"राहिली."

तिने मान हलवली. बावीस वर्षं ती या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर राहत होती, पण रेघ म्हणतात ती तिने कधी पाहिली नव्हती. दाखवा म्हणाली. मास्तर तिला जहाजाच्या कुशीपर्यंत घेऊन गेला. फळीवरून हमाल पोती उतरवत होते आणि जहाज, दमलेला माणूस श्वास घेताना उचलला जातो तसं, जरा जरा वर येत होतं. पाण्याखाली काहीतरी पांढुरकं हललं, मग त्याची कड दिसायला लागली.

"एवढीशी?" ती म्हणाली.

"एवढीशीच."

ती कडेला बसली आणि बोटं मोजत पाण्याकडे बघत राहिली. चारेकशे पोती खाली आल्यावर मुकादमाने घाम पुसला आणि बास का, असं खुणेनेच विचारलं. मास्तर उत्तर देणार तेवढ्यात बायकोने करंगळी वर केली. अजून एवढं. मुकादमाने मास्तरकडे पाहिलंसुद्धा नाही. तो हमालांकडे वळला आणि म्हणाला, उचला.