माझ्या भावाची पकड

माझा धाकटा भाऊ व्यावसायिक कबड्डी खेळतो. बचावात, डाव्या कोपऱ्यात. त्याचा सामना असला की मुकुंदवाडीतली आमची सगळी गल्ली दारात गोळा व्हायची. टीव्ही दाराकडं तोंड करून ठेवावा लागायचा.

त्या मोसमात सगळ्यांचा राग एका हरियाणवी चढाईपटूवर होता. आदल्या वर्षी त्यानं एकट्यानं भावाच्या संघाला हरवलं होतं, शिवाय गुण घेतला की मांडीवर थाप मारून हसायचा. तो हसला की आमचे बाबा, एरवी देवपूजेखेरीज ज्यांचा आवाज घरात ऐकू येत नाही, खुर्चीतून उठून शिव्या द्यायचे.

त्याच्या संघाशी सामना होता त्या संध्याकाळी तो चढाई करत भावाच्या कोपऱ्याकडं आला. भावानं घोटा धरला, दोघं एकमेकांवर पडले. चढाईपटू उठलाच नाही. गुडघा भलत्याच बाजूला वळला होता.

"घे, आता हास!" दारातून कुणीतरी ओरडलं. फटाक्यांची माळ लागली. बाबांनी मला पेढे आणायला पिटाळलं. पडद्यावर माझा भाऊ खाली बसला होता, त्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन. मी ते बघितलं आणि उंबऱ्यातच थांबले.

सकाळी दवाखान्यातून भावाचा फोन आला.

"ताई, आपल्या दारात फटाके वाजले म्हणं. व्हिडिओ फिरतोय."

मी पुढचं दार ओढून घेतलं.

"त्याची बायको इथंच बसलीय. तिनं पण बघितला."

मोसम संपवून भाऊ घरी आला, तेव्हा पोरांनी चौकात सत्कार ठेवला होता. मागं बॅनरवर तीच पकड, तोच वळलेला गुडघा. हार घालून घेण्याआधी भाऊ म्हणाला, "हे आधी उतरवा."

"काहून भाऊ? दुश्मन की वाट लगा दी तुमने!"

"दुश्मन कुणाचा? शिबिरात एका खोलीत राहिलोत आम्ही. माझा खांदा निखळला तवा त्यानं मला हातानं जेवू घातलं. मैदानात तो निसटायला बघतो, मी धरायला. काम हाय ते आमचं. तुम्हाला एवढा राग कशाचा?"

बॅनर उतरला, पण पोरं बिथरली. संध्याकाळपर्यंत मोबाइलवर फिरू लागलं, हा विकला गेला. बाबांनी ते वाचलं आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. "लोकं जीव टाकतात याच्यावर, अन् हा त्यांनाच शिकवतोय," एवढंच मला म्हणाले.

पुढच्या मोसमात भावाचा हात कचरायला लागला. घोट्यापर्यंत जायचा आणि थांबायचा. प्रशिक्षकांनी त्याला बाहेर बसवलं. एकदा तो घरी असताना त्या चढाईपटूचाच फोन आला. "मेरी टांग ठीक हो रही है," तो म्हणाला, "तू पकडना मत छोड." भाऊ हसला खरा, पण त्या दिवशी ताटावर बसला नाही.

तो माणूस अजून खेळात परतलेला नाही. भाऊ मागच्या महिन्यात पुन्हा उतरला. एका चढाईपटूला त्यानं नीट धरलं, जपून खाली घेतलं आणि हात देऊन उठवलं. दारात आता चारपाच जणच येतात. त्यांतला एक म्हणाला, "अजून आवळायला पाहिजे व्हता."

बाबांनी मान डोलावली.