पाटावरचं नाणं

चहा घ्या, पण हसायचं ते शेवटी एकदाच हसा. मध्ये हसलात तर मी सांगायचं थांबेन. पुराव्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणाऱ्या माझ्यासारख्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापिकेला, पेणच्या गणपतीच्या कारखान्यात, भर दुपारी, आता बेड्याच पडणार म्हणून घाम फुटला होता. कशामुळे? दहा रुपयांच्या एका नाण्यामुळे!

आषाढ होता. आमच्या घरचा गणपती पेणहून येतो. त्यासाठी आधी आपला पाट कारखान्यात नेऊन द्यायचा, त्यावर विडा, सुपारी आणि एक नाणं ठेवायचं, की मूर्ती ठरली. एरवी हे काम दादाचं. त्या वर्षी त्याला कंपनीत शिफ्ट होती, म्हणून वहिनी आणि मी निघालो. पाटाच्या दर्शनी कडेला लाल रंगात, ठसठशीत अक्षरांत, आमचं आडनाव लिहिलेलं आहे. ते तिथे लिहिलेलं आहे, हे लक्षात असू द्या.

रोह्याहून एसटी सुटली आणि कंडक्टरने सुट्ट्यांत दहाचं नाणं दिलं. मी चष्मा चढवला. एका बाजूला सिंह होते, ते ठीक. दुसऱ्या बाजूला मात्र नेहमीची नक्षी नाहीच! तिथे एक इमारत, तिच्याभोवती गोलाकार अक्षरं आणि खाली दोन सालं.

“हे काय आहे?”

“दहा रुपये.”

“हे नाणं नाही. हा स्नेहसंमेलनाचा बिल्ला आहे.”

“मॅडम, नवीन छाप हाय. कसल्या तरी शंभर वर्षांचा काढलाय सरकारनं.”

“सरकारने काढला, याला पुरावा?”

“पुरावा नाय, तिकीट हाय माझ्याकडं. ते दिलंय.”

अख्खी एसटी हसली. आता इथे शहाण्या बाईने गप्प बसावं की नाही? मी उभी राहिले! नागोठणं येईपर्यंत सर्व प्रवाशांना मी सविस्तर समजावलं, की खोटं नाणं नकळत हाती आलं तर माणूस निर्दोष असतो. परंतु ते खोटं आहे हे ठाऊक असताना पुढे चालवलं, की तो गुन्हेगार ठरतो आणि त्याची जागा तुरुंगात असते.

पुढच्या बाकावरच्या आजोबांनी मान वळवली. “म्हंजे, बाई, आता तुमाला ठाव झालं ना, खोटं हाय ते?”

“झालं.”

“मंग तुमी नका चालवू हां.”

मी कशाला चालवते? पुरावा म्हणून मी ते पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात टाकलं. वर्गात दाखवायचे नमुने मी तिथेच ठेवते. आजोबा वडखळला उतरले, आणि उतरल्या उतरल्या त्यांनी फोन कानाला लावला, हेही मी पाहिलं.

कारखान्यात शाडूचा ओला वास होता. एकीकडे डोळे न रंगवलेले गणपती, दुसरीकडे भिंतीशी ओळीने मांडलेले गावोगावचे पाट. मूर्तिकारकाकांनी सांगितलेली उंची खरी आहे का, हे मी पर्स पाटाशेजारी ठेवून, नमुन्याच्या मूर्तीला टेप लावून तपासत होते. वळून पाहते तो पाटावर विडा होता, सुपारी होती आणि नाणंही होतं.

“वहिनी, कुठलं नाणं ठेवलंत?”

“तुमच्या पर्समधलं, बाहेरच्या कप्प्यातलं. नवंकोरं होतं. देवाला नवंच द्यावं.”

“अहो, ते खोटं आहे!”

“हळू बोला, वन्सं! कारखान्यात उभ्या हाव आपण.”

आणि त्याच क्षणी दारात पोलिसांची जीप थांबली.

आजोबांचा फोन! नाहीतर पोलीस कशाला येतील इथे? मी मनातल्या मनात खटला चालवून पाहिला. गुन्हा: जाणूनबुजून. साक्षीदार: अख्खी एसटी. मुद्देमाल: पाटावर. आणि मुद्देमालाच्या खाली आरोपीचं आडनाव, लाल रंगात! कॉलेजातली नोकरी गेली. दादा कंपनीत तोंड कसं दाखवणार? दाराकडे पाठ करून, पाट झाकेल अशी मी त्याच्यापुढे आडवी उभी राहिले.

“वन्सं, अशा काय झाल्याव? देवाम्होरं तरी नीट उभ्या रावा!”

फौजदार आत आले. पाटांच्या ओळीवरून त्यांनी संथपणे नजर फिरवली.

“ही ओळ कुठली?”

“रोह्याची,” काका म्हणाले.

झालं! एवढं ऐकलं आणि माझी उरलीसुरली तर्कबुद्धी मला सोडून गेली. मी नमस्कारासाठी वाकल्याचं सोंग केलं. डाव्या हाताने पाटावरचं नाणं उचललं, उजव्या हाताने पर्सच्या कप्प्यात चाचपून जे दुसरं नाणं लागलं ते सुपारीआड सरकवलं, आणि ताठ झाले. समोर फौजदार उभे!

“बाई, देवापुढचं उचललंत?”

“साहेब, हे चलनात आणण्याचा माझा कोणताही हेतू नव्हता. ते वहिनींनी परस्पर—”

“आता माझ्यावर ढकलता व्हय?” वहिनी कडाडल्या.

मी मूठ उघडली. फौजदारांनी नाणं उलटसुलट पाहिलं. मग खिशात हात घातला आणि तस्संच दुसरं काढून माझ्यापुढे धरलं. तीच इमारत, तीच सालं.

“खरं हाय, बाई. नवीन छाप हाय. खोटं कोण बोललं?”

अख्ख्या एसटीला ते सांगणारी मीच!

“मग... आपण इथे कशासाठी आलात?”

त्यांनी मागे बोट दाखवलं. शिपाई काखेत पाट धरून उभा होता. “आमच्या ठाण्यात पण गणपती बसतो की. पाट द्यायला आलोय.”

हुश्श! मला रडू यायचंच बाकी होतं. एवढ्यात काका पाटावर वाकले आणि त्यांनी सुपारीआडून नाणं उचललं.

“ह्ये कुणी ठेवलं? चार आणे?”

ते चार आणे मी आदल्याच दिवशी वर्गात दाखवले होते. चलनातून बाद झालेल्या नाण्याने आज काहीही विकत घेता येत नाही, हे सिद्ध करायला!

फौजदार पाटाकडे वाकले. “आख्ख्या कारखान्यात न चालणारं नाणं एकच. आणि खाली नाव कुणाचं?”

“ते खोटं नाही,” माझ्या तोंडून निघून गेलं. “बाद आहे. फरक आहे.”

“मंग देवाला सांगा तो फरक,” वहिनी म्हणाल्या, आणि फौजदारांच्या हातातलं माझं नवंकोरं नाणं घेऊन त्यांनी ते पाटावर ठेवलं.

संध्याकाळी परतीच्या एसटीत तोच कंडक्टर होता. मी खाली मान घालून शंभराची नोट पुढे केली. त्याने ती खिडकीच्या उजेडाला धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली, आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “मॅडम, पुरावा?”

वहिनींनी बाहेर पाहायच्या निमित्ताने तोंडाला पदर लावला.

“पेणच्या फौजदारांना विचारा,” मी म्हटलं. “ते ओळखतात मला.”