हूर आणि हुरहूर
मुलगी शिकायला परगावी गेली आणि तिची काजळाची डबी आरशापाशी राहून गेली. ती उघडली आणि नव्वदच्या दशकातलं, दक्षिणेतलं के. आर. पुरम आठवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून मी नोकरीला आलो, तेव्हा उर्दूच्या एका निवृत्त मास्तरांकडे राहत होतो. नुसता भाडेकरू होतो, पण जेवण त्यांच्याच घरात. बाळंतपणाला आलेली त्यांची लेक आता बाळ घेऊन दुबईला परतणार होती. बाळाचं नाव ठेवलं होतं हूर. मी भाबडेपणाने म्हणालो, “आमच्यात हुरहूर म्हणतात. कुणी गेल्यावर जिवाला लागते ती.” मास्तरांच्या बायकोचा चेहरा पडला. “नक्को बेटा, ऐसा नक्को बोल!” मास्तर हसले. “अरबी लफ्ज है. आँखाँ का सफेद खूब सफेद, काला खूब काला, वो हूर. जन्नत की हूरां को नाम आँखाँ से मिला.” बाळ काजळ घातलेल्या डोळ्यांनी आमच्याकडे टुकूटुकू बघत होतं. आठवड्याने मायलेकी गेल्या. संध्याकाळी माझं ताट वाढून बाळाची आजी रिकाम्या पाळण्यापाशी बसली आणि म्हणाली, “बेटा, तेरा मतलब बी सही निकला.” तेव्हा मी खाली मान घालून जेवलो. आज तिथे असतो, तर ताट बाजूला ठेवून तिच्याशेजारी बसलो असतो.