सरळ झोपता येईल अशी गाडी

गाडी घेतली की एक किस्सा होतो. गाडी बिघडली की दुसरा. पण लहान गाडी देऊन मोठी घ्यायची ठरली आणि चार म्हातारे सल्ला द्यायला बसले, की किस्से आवरत नाहीत. लालबागला आमच्या चाळीच्या दारात एक बाकडं आहे. संध्याकाळी आम्ही चौघे तिथे बसतो. मागचं वर्षभर त्या बाकड्यावर दुसरा विषय निघाला नाही. लोक म्हणाले, अण्णा, लिहून काढा. मी चौथी शिकलो. जमेल तसं लिहिलं आहे.

विषय साधा होता. आमच्या मंडळींचं मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, फार वेळ बसायचं नाही, प्रवास केलाच तर आडवं पडून. हिची थोरली बहीण, आक्का, कोकणात देवगडकडे राहते. वय ऐंशीच्या पुढे. आता तिला ऐकू येत नाही, म्हणून फोनचा उपयोग नाही. आमच्या मुलीने, मनीषाने, एकदा व्हिडिओ कॉल लावून दिला. आक्काने हिचा चेहरा पाहिला, पदराने मोबाईलची काच पुसली आणि फोन नातवाला परत दिला.

त्या दिवशी ही म्हणाली, "मला आक्काकडे न्या."

लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली. हिने तोंडाने मागितलेली दुसरी गोष्ट मला आठवत नाही.

*

माझ्याकडे छोटी व्हॅन होती. गिरणी बंद झाल्यावर मी रे रोडच्या लाकडाच्या वखारीत टेम्पो चालवला. ते काम सुटल्यावर ही व्हॅन घेतली. मागची सीट काढली, फळी ठोकली, वर गादी टाकली. मनीषा तिला कॅम्परव्हॅन म्हणायची. मी गाडीच म्हणायचो.

त्या गाडीतून हिला घेऊन निघालो. फळी आखूड. ही पाय पोटाशी घेऊन पडली. त्यात फळी बरोबर मागच्या चाकांवर. खड्डा आला की आधी हिच्या कमरेत. सोबत बबन पालव होता. बबन आमच्याच मजल्यावरचा, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, तोंड बंद ठेवणं त्याला जमत नाही. वाशीपर्यंत तो बोलत होता. मग गप्प झाला. पनवेलला मी गाडी बाजूला घेतली आणि मागे पाहिलं. हिने पदराचा बोळा दातांत धरला होता.

मी गाडी वळवली. लालबागच्या पुलाखाली आल्यावर बबन म्हणाला, "अण्णा, गाडीचा दोष नाही रे. रस्ता लांब आहे."

मी म्हणालो, "रस्ता मला लहान करता येत नाही. गाडी मोठी करता येते."

*

मोठी म्हणजे केवढी, यावर बाकड्यावर भांडण झालं. बबनला टप उंच हवा होता. म्हणाला, आत माणसाला उभं राहता आलं पाहिजे. मी म्हणालो, "जाणारी आडवी जाणार आहे. उभा तू राहणार आहेस."

बाकड्यावरचा तिसरा मोरेश्वर कोळी. शीवच्या कोळीवाड्यातला, जन्म मासळीच्या धंद्यात गेला. गाड्यांतलं त्याला कळतं आणि तो बोलतो कमी. त्याने दोनच गोष्टी सांगितल्या. खाट पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे बसेल एवढी लांब गाडी हवी. आणि दार मागून हवं, म्हणजे वहिनींना वळवावं लागणार नाही, सरळ आत सरकवता येईल.

बोलून तो थांबला नाही. अंदाज यावा म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतःची मासळीची गाडी फिनेलने धुऊन आमच्या दारात आणून लावली. लांबी पुरत होती. सकाळी उठून पाहतो तर चाळीतल्या सगळ्या मांजरी गाडीखाली, टपावर, चाकांवर. एक तर काचेला नाक लावून बसलेली.

मी मोरेश्वरला गाडी परत न्यायला सांगितली. ही खिडकीतून बघत होती. म्हणाली, "चालली असती की. आक्काला ऐकू येत नाही, वास येतो."

*

मग जुन्या गाड्यांच्या यार्डात गेलो. तिथे एक पांढरी गाडी होती. टप उंच, आत लांबच लांब मोकळी जागा, मागे दोन झडपांचं दार. बघताक्षणी तिघांनाही पटली. उंचीने बबन हिच्याएवढाच, म्हणून त्याला आत आडवं व्हायला लावलं. तो हात छातीवर ठेवून सरळ पडला. पाय पुरले, डोक्याशी वीतभर जागा उरली.

"अण्णा, झकास," तो आतून म्हणाला. "इथून उठावंसंच वाटत नाही."

मोरेश्वर बाहेरून फेरी मारत होता. तिरप्या उन्हात गाडीच्या अंगावर, नव्या रंगाखालची जुनी अक्षरं वर आली होती. त्याने ती वाचली. मीही वाचली.

"बबन, ऊठ," मोरेश्वर म्हणाला.

"थांब रे, जरा पडू दे."

"शववाहिनी आहे. ऊठ."

बबन पाय आधी बाहेर काढून उतरला. यार्डातल्या नळाखाली कपड्यांसकट डोक्यावरून अंघोळ केली. चाळीत आल्यावर कडुलिंबाचा पाला चावला आणि मगच खोलीत पाऊल टाकलं.

हिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग घ्यायची होती. सरळ झोपवायची सवय असलेली गाडी."

दुसऱ्या दिवसापासून मी रोज एक यार्ड धरलं.

*

शेवटी मिळाली ती एका कंपनीची, कामगारांची ने-आण करणारी. लांब, दार मागून, इंजिन ठणठणीत. आतल्या सीटा काढल्या आणि गाडी रे रोडला रघुनाथ मेस्त्रींच्या कारखान्यात लावली. मेस्त्री बाकड्यावरचे चौथे. त्यांची एक पद्धत आहे. वस्तू केवढी होणार ते आधी जमिनीवर पुऱ्या मापाने आखायचं, मगच लाकडाला हात लावायचा. रविवारी त्यांनी आमच्या चाळीच्या चौकात चुन्याने गाडी आखली.

रविवार म्हणजे सगळी चाळ घरी. तळमजल्यावरच्या सावंतीणबाई आल्या. म्हणाल्या, मोरी कुठे? मेस्त्रींनी कोपऱ्यात मोरी आखली. कोणी म्हणालं, पाण्याचं पिंप. पिंप आलं. देवाची फळी आली. भांड्यांची मांडणी आली. पोटमाळा जमिनीवर दाखवता येईना, तर मेस्त्रींनी तो बाजूला वेगळा काढून दाखवला. जो तो रेषांच्या आत जाऊन उभा राही, हात लांब करून बघे आणि आणखी एक वस्तू सांगे. दुपारपर्यंत दहा बाय बाराच्या खोलीत असतं ते सगळं गाडीत मावलं. चाळीतल्या लोकांना जागा पुरवायला शिकवावं लागत नाही. सगळे खूश होते.

मोरेश्वर उशिरा आला. त्याने चौकात उभं राहून सगळं पाहिलं.

"छान आहे," तो म्हणाला. "ड्रायव्हर कुठे बसणार?"

बघतो तर स्टेअरिंगच्या जागी सावंतीणबाईंचं पिंप होतं. मेस्त्रींनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आत जाताना प्रत्येकाने चपला चुन्याच्या रेषेबाहेर काढल्या होत्या. बाहेर पडताना त्या शोधायला दहा मिनिटं लागली.

*

खाटेचं डोकं कुठल्या बाजूला, हा वाद बबनने काढला. शववाहिनीत आडवा झाल्यापासून तो या बाबतीत हळवा झाला होता. म्हणाला, उत्तरेला डोकं करून जिवंत माणसाला झोपवत नाहीत. मोरेश्वर म्हणाला, कोकण दक्षिणेला. डोकं ड्रायव्हरच्या पाठीशी ठेवलं की जाताना ते दक्षिणेलाच राहतं.

"आणि येताना?" बबनने विचारलं.

मेस्त्री विचारात पडले. येताना उशी दुसऱ्या टोकाला घ्यावी, तर पाय डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे होतात. खाट फिरती करावी, तर जागा नाही. गणपती मागे न्यावा, तर ड्रायव्हरला दिसत नाही. संध्याकाळ यातच गेली. बोलणं आमच्या खोलीपर्यंत ऐकू जात होतं. हिने मला हाक मारून विचारलं, "जातानाची दिशा बरोबर आहे ना?"

मी म्हणालो, आहे.

"मग झालं. येतानाचं येताना बघू."

मी खाली जाऊन तेवढंच सांगितलं.

*

मनीषाने मोबाईलवर एक लेआउट काढून आणला. घडीचं टेबल, सिंक, फिरणारी सीट आणि मागे छोटा संडास. मी बाकी सगळं ऐकून घेतलं. संडासाला नाही म्हणालो. ज्या जागेत आपण जेवतो तिथे ते होणार नाही. ती म्हणाली, बाबा, आईसाठी हवं. मी म्हणालो, बघू. माझ्या बघूचा अर्थ घरात सगळ्यांना माहीत आहे.

दोन दिवसांनी मोरेश्वर कारखान्यात एक लाकडी खुर्ची घेऊन आला. बसायच्या जागी भोक, खाली भांडं. त्याच्या आईची होती. ती जाऊन बरीच वर्षं झाली, तरी त्याने ठेवली होती. खुर्ची त्याने गाडीच्या मागच्या कोपऱ्यात ठेवली, पडदा लावायला दोन खिळे ठोकले.

मी म्हणालो, मोरेश्वर, मी नाही म्हटलंय.

तो म्हणाला, "अण्णा, एवढ्या लांबच्या रस्त्यात वहिनी कुठे जाणार? तू सांग. तू सांगशील तिथे गाडी थांबवू."

खुर्ची राहिली.

*

गाडी तयार झाली आणि आम्ही निघालो. मी, ही, मनीषा आणि बबन. पनवेल आलं तेव्हा मी मागे पाहिलं नाही. पाठीमागून हीच म्हणाली, "चला तुम्ही. मी ठीक आहे."

गावात पोचलो आणि नवा प्रश्न उभा राहिला. लहान गाडी मागच्या अरुंद वाटेने आक्काच्या अंगणापर्यंत गेली असती. मोठी वर रस्त्यावरच थांबवावी लागली. तिथून खाली घरापर्यंत चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी, दोन्ही बाजूंना दगड रचलेला गडगा. हिला उचलून न्यायचं म्हटलं तर डॉक्टरांची मनाई. हिने पडल्या पडल्या आंब्याच्या झाडांतून आक्काच्या घराची कौलं पाहिली. मी चाकाजवळ उभा होतो. सगळ्या वर्षाची मेहनत त्या पायऱ्यांच्या वर येऊन थांबली होती.

मग खालून माणसांचा आवाज आला. आक्काचे दोन नातू प्लास्टिकच्या खुर्चीत आक्काला बसवून पायऱ्या चढत होते. आक्का त्यांना वाटभर ओरडत होती, सावकाश चला म्हणून. वर आली, मागच्या दारातून आत पाहिलं. आम्हाला वाटलं, आता दोघी रडतील.

आक्का म्हणाली, "इतको उशीर केलंस गो?"

मनीषाने तिला आत चढवलं. ती हिच्या उशाशी बसली, नातवाकडून खोबरेल मागवलं आणि हिचे केस सोडून तेल लावायला लागली. लावता लावता घरातलं, गावातलं सगळं एकटीच सांगत होती. हिला उत्तर द्यावं लागत नव्हतं. दिलं असतं तरी आक्काला ऐकू गेलं नसतं. ऊन उतरेपर्यंत ते चाललं. आम्ही गडग्यावर बसून होतो. चहाचं कोणी विचारलं नाही आणि बबनने तक्रार केली नाही.

*

राहिला एक किस्सा. तो मेस्त्रींच्या कारखान्यातला. खरं म्हणजे मधेच यायला हवा होता.

खाटेचं लाकूड कापायच्या आधी मेस्त्री म्हणाले, ज्यांना झोपायचंय त्यांनी एकदा पडून बघावं. लालबागहून रे रोड लांब नाही. हिला टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवं करून नेलं. मेस्त्रींनी गाडीत ठोकळ्यांवर दोन फळ्या ठेवल्या होत्या. ही त्यावर पडली. डोकं माझ्या सीटच्या पाठीशी, पाय सरळ.

मेस्त्रींनी रुंदी विचारली. मी ठरवून आलो होतो. एका माणसापुरती खाट, बाजूने वाट. मेस्त्री म्हणाले, आणि अण्णा, तुम्ही? मी म्हणालो, मी पुढे सीटवर पडेन, नाहीतर बाहेर चटई टाकेन. मला सवय आहे.

आमच्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. एका खोलीत आई-वडील, भाऊ, बहीण, पुढे मुलगी. बायका आत, पुरुष गॅलरीत. लग्न झालं त्या आठवड्यापासून माझी वळकटी गॅलरीत. नंतर आई-वडील गेले. बहिणीचं लग्न झालं. भाऊ लांब राहायला गेला. मनीषा लग्न होऊन दादरला गेली. खोलीत ही एकटी राहिली. वळकटी गॅलरीतच राहिली.

मेस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली, फळीवर रेघ मारली आणि करवत उचलली.

"मेस्त्री, थांबा," ही पडल्या पडल्या म्हणाली. "दोघांची करा."

मी म्हणालो, वाट राहणार नाही.

ती गाडीच्या टपाकडे बघत होती.

"अहो, या गाडीला गॅलरी नाही."

मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं नाही. अंगठ्याला थुंकी लावली, रेघ पुसली आणि माप पुन्हा घ्यायला सुरुवात केली.