मामाने बॅग खाली ठेवली

लाँच अजून पाण्यात डुलत असायची, दोर खांबाला पडायचा बाकी असायचा, आणि तेवढ्यात मामाचा प्रवेश व्हायचा. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, खिशाला पेन. लिहायचं काही नसे, पण पेन असलं की माणूस ऑफिसातला वाटतो. आणि चेहऱ्यावर असं हसू, की उतरणाऱ्याला वाटावं, अरे, हा तर आपल्यालाच न्यायला आलाय! "या, दोस्त, या!" हे तो सात-आठ भाषांत म्हणे. पुढचं वाक्य मात्र त्याला कुठल्याच भाषेत धड येत नसे. तिथे भुवया, मान आणि दोन्ही हात कामाला लागत.

धक्क्यावर गिऱ्हाईक पकडणारे पुष्कळ होते. पूर्वी एकेका प्रवाशासाठी डोकी फुटत. शेवटी मामानेच कायदा घालून दिला: ज्याच्या हातात बॅग, त्याचं गिऱ्हाईक. बाकीच्यांनी तोंड मिटायचं, पाठ फिरवायची. बॅग जमिनीला टेकली की हक्क सुटला, मग उचलेल तो धनी. हा कायदा मोडला म्हणून मामाने दोघांना धक्क्यावरून कायमचं हाकललं होतं. त्यांच्या बायका रडत आल्या, तरी तो बधला नाही.

प्रवाशांना त्याचा जाच होई, खोटं कशाला बोला! "नाही" हा शब्द त्याच्या कानात शिरतच नसे. खोली, होडी, शिंपल्यांचं दुकान, मालिश, असं म्हणत तो मैलभर चिकटून चाले. आणि एकटा पुरुष असला, की आवाज उतरवून विचारे, "सोबत पाहिजे, साहेब?" छत्री हवी का विचारावं, इतक्या साधेपणाने. मागच्या गल्लीतल्या माड्यांवर मुली होत्या. मामा गिऱ्हाईक जिन्यापर्यंत पोचवायचा आणि वळायचा. "जिन्यावर आपण कधी पाय ठेवला नाही," हे तो छाती पुढे काढून सांगे. रात्री झोप लागावी म्हणून माणूस स्वतःला काय काय सांगतो!

मग भाची आली. बहीण वारली, मेहुण्याने दुसरा संसार थाटला, आणि विशी ओलांडलेली ही मुलगी पत्र्याची ट्रंक घेऊन मामाच्या दारात उभी राहिली. एकट्या माणसाच्या खोलीत चूल पेटली, खिडकीला पडदा आला. मामाने तिला धक्क्यालगतच्या लॉजमध्ये कामाला लावलं. मागच्या खोलीत चादरी धुवायच्या आणि इस्त्री करायच्या. त्या वाफेत ती दिवसभर उभी असे, पण तोंडाचा पट्टा चालूच.

"मामा, आज कोणाला गंडवलंस?"

"गंडवलं काय, कार्टे! सेवा केली."

"मग सेवेकरीबुवा, कॉलर काढा. काळी झालीय. बघून गिऱ्हाईक परत लाँचीत बसेल."

जेवताना ती परदेशी साहेबलोकांच्या गोष्टी सांगायला लावी आणि मामा रंगात येई. नकला करकरून सांगे, की तिकडे बायका गाड्या चालवतात, नवरे भांडी घासतात, म्हाताऱ्यांना सरकार सांभाळतं. "मोठ्या मनाची माणसं, पोरी. दिलेला शब्द मोडणार नाहीत!" धक्क्यावर आयुष्यभर जे बोलला, तेच तो घरी बोलत होता. त्याच्यापाशी दुसरं काही बोलायला नव्हतंच. पोरगी हनुवटीला हात लावून ऐकत राही.

त्या मोसमात हॅटवाला साहेब पुन्हा उतरला. साठीच्या पुढचा, मऊ बोलणारा, स्वच्छ. मधली काही वर्षं तो फिरकला नव्हता. त्याला माडी नको असे. त्याला कष्टाची, साधी, अडलेली मुलगी लागे, आणि तिने आपल्यावर जीवही लावावा असं त्याला वाटे. कपडे घ्यायचा, घड्याळ घ्यायचा, लग्नाचं बोलायचा. कागदपत्रं पाठवतो म्हणून जायचा, तो गेलाच. धक्क्यावरच्या सरबतवालीची त्याच्याशी गाठ मामानेच घालून दिली होती. तेव्हा ती महिनाभर नव्या चपला घालून मिरवली आणि मग मुकाट्याने परत लिंबं पिळायला बसली. अजूनही लाँच लागली, की तिचा हात आधी केसांकडे जाई.

हॅट मामाला लांबूनच दिसली. लॉजची मागची खोली, वाफ आणि त्यात उभी असलेली भाची त्याच्या डोळ्यांसमोर आली. दुसऱ्या कोणी या माणसाला त्या लॉजवर नेलं तर? मामा तीरासारखा सुटला आणि सगळ्यांच्या आधी त्याने साहेबाची बॅग हिसकली. ती लोखंडासारखी जड होती. याला गावाच्या पार त्या टोकाला नेऊन ठेवायचं आणि रोज आपणच फिरवायचं, असं त्याने ठरवलं.

सरबतवालीच्या गाडीसमोरून साहेब गेला. तिने हात केसांवरून खाली घेतला. त्याने तिला ओळखलंसुद्धा नाही.

वळणावर समोरून भाची आली. वाळलेल्या चादरींचं हे एवढं गाठोडं तिच्या डोक्यावर होतं. मामाला बघून ती हसली, पाय खड्ड्यात गेला आणि गाठोड्यासकट ती रस्त्यावर आडवी झाली. मामाने बॅग खाली ठेवली आणि तो धावला. तिच्या कोपराची धूळ तो झटकत होता, तोच मागून शीळ ऐकू आली. धक्क्यावरचा एक तरणा दलाल सदा शीळ घालत फिरायचा, म्हणून त्याला सगळे शिट्टी म्हणत. बॅग आता शिट्टीच्या हातात होती.

"ठेव ती खाली!" मामा ओरडला.

"अहो मामा, टेकली होती की. तुमचाच कायदा. विचारा यांना."

मागून आलेल्या दलालांनी माना डोलावल्या. "टेकली होती, मामा."

झडप घालून ती ओढून घ्यायला हवी होती. पण इतक्या वर्षांची सवय हात जखडून बसली होती. मामाचा हात अर्धवट उचललेलाच राहिला. साहेब तिकडे बघतही नव्हता. तो वाकून भाचीला चादरी गोळा करायला मदत करत होता. "लॉजवर चलायचं ना साहेब?" शिट्टीने खुशीत विचारलं. चादरींवर त्याच लॉजचा छाप होता.

पुढचं सांगायला फार नाही. कोपराला लावायला मलम आलं, मग छत्री आली, मग घड्याळ. एका संध्याकाळी भाची ट्रंक भरायला बसली.

"तो लग्न करणार नाही, पोरी. तो फसवतो."

"तूच म्हणायचास ना, दिलेला शब्द मोडत नाहीत?"

"ते धंद्याचं बोलणं होतं गं."

"घरात बसून, जेवताना?" तिने एक झंपर घडी करून ठेवला. "आणि तो फसवतो हे खरं असेल, तर दुसऱ्यांच्या मुलींना कधी सांगितलंस?"

 मामा तिचा हात धरून तिला सरबतवालीकडे घेऊन गेला.

"सांग हिला. काय झालं ते तुझ्या तोंडाने सांग. माझ्यावर नाही विश्वास हिचा."

सरबतवालीने भाचीच्या मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग पेले विसळायला घेतले.

"साहेब चांगला माणूस आहे," ती म्हणाली. "मला नेणारच होता. माझंच मन झालं नाही, गाव सोडवेना. तू जा."

"अगं, काय बोलतेस!" मामाचा आवाज फाटला.

"खरं तेच बोलतेय, मामा. मला कोणी टाकलं नव्हतं."

भाचीने वाकून मामाच्या पायांना हात लावला. सकाळच्या लाँचने ती साहेबाबरोबर गेली. जाताना रडली, पण हसतही होती. आई न्यायला आल्यासारखे तिचे डोळे चमकत होते. मामा खांबाला टेकून उभा राहिला. दलालांपैकी कोणी थट्टा केली नाही. शिट्टीची शीळही त्या दिवशी ऐकू आली नाही.

लाँच ठिपका झाल्यावर मामा गाडीपाशी गेला. त्याला खूप बोलायचं होतं, शिव्यासुद्धा द्यायच्या होत्या. सरबतवाली डोळे पुसत नव्हती, म्हणून पाणी वाहून गळ्याशी आलं होतं.

"का गं केलंस असं?"

"तिच्यासमोर कसं सांगू, मामा? ती इतकी छान दिसत होती." मग पेला पुसत ती म्हणाली, "आणि तुम्ही तरी मला कुठे सांगितलं होतं?"

दुसरी लाँच लागत होती. दलाल पळाले. मामा तिथेच, गाडीच्या सावलीत, जमिनीवर बसला. तिने एक पेला भरून त्याच्यासमोर ठेवला आणि कोणाकडेही न बघता पुढचं लिंबू कापायला घेतलं.